लिंकनचं घराणं समजून घ्यायचं तर आधी जमिनीचे कागद वाचा

लिंकनवर वाचायला बसणारे बहुतेक जण राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात करतात आणि मागे जात जात लाकडी झोपडीपर्यंत पोचतात. मी महाराष्ट्रात दिवाणी कोर्टात वकिली करत होते. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला आले आणि या माणसाचा नाद लागला, कारण वकील म्हणून लिंकन ज्या गावांतून फिरायचा त्यांतलंच हे एक. या अभ्यासात नव्याने उतरणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की जमिनीपासून सुरुवात करा. वसाहतकरी बाप आणि वकील मुलगा, दोघंही तिथेच उलगडतात.

अब्राहमचे आजोबा, त्यांचंही नाव अब्राहम, १७८६ साली केंटकीत शेतावर काम करताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. तेव्हाच्या वारसा कायद्याप्रमाणे मिळकत थोरल्या मॉर्डेकायला गेली, धाकट्या थॉमसला काही मिळालं नाही. थॉमस सुतारकाम करून उभा राहिला, त्याने जमिनीही घेतल्या, पण एकीची मोजणी कमी भरली आणि दुसरीच्या हक्काचा वाद कोर्टात गेला. शेवटी नॉब क्रीकच्या शेतावरून हुसकावण्याचा दावा लागला. केंटकीत सरकारने आधी मोजणी करून जमीन विकलीच नव्हती. अमुक झाडापासून तमुक ओढ्यापर्यंत अशा खुणांवर हद्दी लिहायच्या आणि एकाच रानावर दोघा-तिघांचे हक्क चढायचे. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी प्रकरणं हाताळलेल्या माणसाला हे कागद लगेच ओळखीचे वाटतील.

डिसेंबर १८१६ मध्ये थॉमसने बिऱ्हाड ओहायो नदीपलीकडे इंडियानात हलवलं. लिंकनने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की त्यामागे थोडा भाग गुलामगिरीचा होता, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काची भानगड. इंडियानात केंद्र सरकारने जमीन चौकोनात आखून मगच विकायला काढली होती. थॉमसने १८१७ साली विन्सेन्सच्या लँड ऑफिसात १६० एकरांची नोंद केली, भाव एकरी २ डॉलर. चौथा हिस्सा, म्हणजे ८० डॉलर, त्याने भरला. बाकीचे जमेनात. अखेर १८२७ मध्ये निम्मी जमीन सरकारला परत देऊन उरलेल्या ८० एकरांचा पक्का हक्क त्याने मिळवला. या घराची ओढाताण मला झोपडीच्या कुठल्याही वर्णनापेक्षा या नोंदीत जास्त दिसते. ही जमीन सरकारकडे आली कशी, तेही वाचायला विसरू नका. मूळ रहिवाशांशी झालेले तह त्याच काळातले आहेत.

त्याच शेतावर ५ ऑक्टोबर १८१८ रोजी आई नॅन्सी गेली. गायींनी रानातली विषारी वनस्पती खाल्ली की दुधातून माणसाला विषबाधा व्हायची, तिचा तो बळी. वर्षभराने थॉमसने सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं आणि ती आपली तीन मुलं घेऊन या घरात आली. सारा पुढे पुन्हा येणार आहे, तिला लक्षात ठेवा.

मुलगा आधी मोजणीदार झाला आणि मग वकील, हे मला योगायोगाचं वाटत नाही. इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावात १८३३ पासून तो जमिनी मोजत होता. स्वतःच्या दुकानाच्या कर्जापायी मोजणीची अवजारं जप्त होऊन लिलावात गेली, तेव्हा एका मित्राने ती विकत घेऊन त्याला परत दिली. कायदा त्याने उसन्या पुस्तकांवर शिकला. १८३६ मध्ये सनद मिळाली आणि एप्रिल १८३७ मध्ये तो स्प्रिंगफील्डला आला. १८५५ साली एका होतकरू तरुणाने त्याच्याकडे कायदा शिकण्याबद्दल विचारणा केली. लिंकनने कळवलं की पुस्तकं मिळव, नीट समजेपर्यंत वाच, मोठ्या शहरात असण्याची गरज नाही. ‘मी स्वतः तीनशे माणसंही नसलेल्या गावात वाचत होतो,’ असंही त्याने लिहिलं. परदेशात नव्याने शिकायला बसलेल्या प्रत्येकाने हे पत्र वाचावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या वकिलीचे पाच हजारांहून जास्त खटले कागदपत्रांसकट इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पहिल्याच दिवशी गाजलेले खून खटले उघडू नका. आपण राहतो त्या काउंटीतला वचनचिठ्ठीवरचा वसुलीचा एखादा दावा घ्या आणि दावा, समन्स, जबाब, निकाल या क्रमाने वाचून काढा. काही कागदांवर सहीच्या जागी आयताकृती भोक दिसेल; हौशी लोकांनी आठवण म्हणून सह्या कापून नेल्या आहेत. सहीखाली ‘स्टुअर्ट आणि लिंकन’ आहे की ‘लिंकन आणि हर्न्डन’ हे बघा; स्टुअर्ट आणि हर्न्डन हे त्याचे वकिलीतले आधीचे आणि नंतरचे भागीदार. तारीख नसली तरी त्यावरून काळ कळतो.

नको वाटणारे कागदही वाचा. १८४१ मध्ये नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या विक्रीबाबतचं प्रकरण त्याने जिंकलं आणि ती स्वतंत्र ठरली. सहाच वर्षांनी इलिनॉयच्याच कोल्स काउंटीत तो मॅटसन या गुलाममालकाकडून उभा राहिला आणि हरला. मॅटसन जिच्यावर मालकी सांगत होता ती जेन ब्रायंट आणि तिची मुलं सुटली. दोन्ही खटले एकाच वकिलाचे आहेत, आणि मला तरी त्यांतला एक बाजूला ठेवून त्याच्याबद्दल बोलता येत नाही.

आता सारा. थॉमस आणि ती म्हातारपणी कोल्स काउंटीतच राहत होती. १८४१ मध्ये लिंकनने बापाकडून ४० एकर २०० डॉलरला विकत घेतले, पण दोघांच्या हयातीपर्यंत जमीन त्यांच्याच ताब्यात राहील असं लिहून. बापलेकांचं फारसं जमत नव्हतं. जानेवारी १८५१ मध्ये थॉमस अंथरुणाला खिळला, तेव्हा लिंकनने सावत्र भावाला लिहिलं की आता भेटलो तर आनंदापेक्षा दुःखच जास्त होईल. अंत्यविधीलाही तो गेला नाही. मात्र त्याच वर्षाअखेर सावत्र भाऊ जमीन विकायला निघाला, तेव्हा त्याला खडसावणारी पत्रं गेली, आणि ते ४० एकर आई जिवंत असेपर्यंत तिच्यासाठी राखणार हे लिंकनने स्पष्ट कळवलं. सारा १८६९ पर्यंत जगली, त्याच्या खुनानंतरही चार वर्षं.

१८४१चं खरेदीखत आणि १८५१ची पत्रं एकाच बैठकीत वाचा आणि मग लेर्नाजवळच्या त्या शेतावर जाऊन या. तिथे थॉमस-साराच्या घराची प्रतिकृती उभारलेली आहे. स्प्रिंगफील्डचं घरही बघायला पैसे पडत नाहीत. थोरला मुलगा रॉबर्टने १८८७ मध्ये ते राज्याला देताना तशी अटच घातली होती.