कुरळे केस ओले असतानाच सावरा

सुकलेल्या कुरळ्या केसांवर कंगवा फिरवला की ते पिंजलेल्या कापसासारखे फुलतात. मग तेल चोपडून, चापूनचोपून वेणी घालणं एवढाच उपाय उरतो. याचं कारण केसाच्या घडणीत आहे. केस भिजला की त्याचा आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात. त्या वेळी केस ज्या आकारात असेल तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत किंवा दमट हवेने मोडेपर्यंत टिकतो. म्हणून बटा घडवायच्या त्या न्हाणीघरातच, केसांतून पाणी ठिबकत असताना.

दुसरी गोष्ट तेलाची. टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडतं. त्यामुळे टाळू तेलकट असली तरी टोकं कोरडी राहतात. शाम्पू टाळूला आणि कंडिशनर टोकांना, हा नियम त्यातूनच येतो.

धुण्याआधी आणि धुताना

खोबरेल तेल धुण्याआधी लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे पुरतात. कानाखालच्या भागाला नीट चोळा आणि किमान अर्धा तास, जमल्यास रात्रभर ठेवा. कोंडा असेल तर टाळूला मात्र तेल लावून ठेवू नका. कोंड्याशी जोडलेली मॅलासेझिया ही बुरशी तेलावरच पोसते.

आठवड्यातून दोनदा धुणं बहुतेकांना पुरतं. रोज लोकलचा घाम असेल तर मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने टाळू धुऊन केसांना कंडिशनर लावा. शाम्पूचे दोन चहाचे चमचे (10 मिली) अर्धा कप पाण्यात फेटून घ्या आणि बोटांच्या पेरांनी फक्त टाळूवर चोळा. नखं लावू नका. खाली ओघळणारा फेस बाकीच्या केसांना पुरेसा असतो. केस डोक्यावर गोळा करून चोळले की गुंता तिथेच तयार होतो.

शिकेकाईची पूड थेट लावली तर तिचे कण बटांत अडकतात आणि दोन दिवस झडत राहतात. दोन मोठे चमचे पूड दोन कप पाण्यात उकळा, फडक्यातून गाळा आणि ते पाणी वापरा. अंगाचा साबण आणि खायचा सोडा मात्र केसांना अजिबात लावू नका. दोन्ही अल्कधर्मी असल्याने केसावरचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात.

आता कंडिशनर. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना दोन ते तीन मोठे चमचे लागतात, कंडिशनर लावताना केस चिंब ओले हवेत. मोठ्या दातांचा कंगवा घ्या. टोकापासून चार बोटं वर धरून तेवढंच विंचरा, मग आणखी चार बोटं वर जा. वरून खाली ओढलं की सगळा गुंता टोकाशी एकवटतो आणि ओला केस ताणून तुटतो. गुंता सुटला की केस ओंजळीत घेऊन तळव्याने टाळूच्या दिशेने दाबा. पिचपिच असा ओला आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर पाणी कमी पडलंय, अर्धा मग ओता आणि पुन्हा दाबा. सुटेसुटे केस एकत्र येऊन बटा होताना डोळ्यांना दिसतात.

या वेळी हातात मूठभर केस आले तर घाबरू नका. रोज 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे. जे आठवड्यात दोनदाच विंचरतात त्यांच्या हाती तीन-चार दिवसांचे केस एकदमच येतात.

पाणी जड असेल तर

बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल वरचेवर जाते, अशा बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते केसांवर बसले की कितीही महाग कंडिशनर लावा, केस चरबरीतच राहतात. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा. बाटलीवर डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए घटकांच्या यादीत बराच वर आहे ना ते पाहा. शेवटच्या धुण्याला एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवर ओता, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरू नका. रस कपाळाला-मानेला राहिला आणि ऊन लागलं तर त्वचेवर काळे डाग पडतात. आरओच्या नळीतून बाहेर जाणारं पाणीही केसांसाठी नको, त्यात क्षार उलट एकवटलेले असतात. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरायची सोय असेल तर पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्या आणि मग भरा. केस धुवायला त्याच्याइतकं मऊ पाणी नाही.

जवसाचं जेल

बटांना सुकेपर्यंत धरून ठेवणारं काहीतरी लागतं. विकतचं जेल चालतं, पण जवसाचं घरचं जेल स्वस्त आहे आणि उत्तम धरतं. जवसाचा चिकटपणा त्याच्या टरफलात असतो, म्हणून दाणे अख्खे आणि कच्चे घ्या. चटणीसाठी भाजलेले किंवा कुटलेले नकोत.

40 ग्रॅम जवस आणि 500 मिली पाणी जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. सतत ढवळा, नाहीतर दाणे तळाला बसून करपतात. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटांत पाणी गढूळ होतं आणि पांढरट फेस वर येतो. आता चमचा उचलून पाहा. आधी थेंब पडत होते, तिथे आता अंड्याच्या पांढऱ्यासारखी लांब तार खाली उतरेल. तार दिसली की लगेच गॅस बंद. अजून दोन मिनिटं म्हणून ठेवलं तर जेल इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही. तसं झालंच तर अर्धा कप पाणी घालून पुन्हा गरम करा.

गाळायचं ते गरम असतानाच. चहाची गाळणी लगेच तुंबते. जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा किंवा धुतलेला पातळ पायमोजा पातेल्यावर ताणून बांधा, जेल ओता आणि उरलेलं चिमट्याने दाबून काढा, हाताने नको, चटका बसतो. हे जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की फेकून द्या. जास्तीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तेव्हा दोन खडे वितळवून घ्या.

लावणं आणि सुकवणं

कंडिशनर धुताना पूर्ण काढू नका, केस किंचित गुळगुळीत राहू द्या. टॉवेलला हात न लावता केसांचे चार भाग करा. प्रत्येक भागाला साधारण एक मोठा चमचा जेल दोन तळव्यांत पसरून वरून खाली लावा, मग मघासारखंच ओंजळीत दाबा. आधी विकतचं क्रीम लावणार असाल तर क्रीम आणि जेल थोडं तळहातावर मिसळून पाहा. नासक्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या तर ती जोडी जमत नाही, केसांवर पांढरे पापुद्रे येतील.

पाणी टिपायला जाड टर्किश टॉवेल नको. त्याचे टाके केसांचे खवले उचकटतात. पंचा किंवा जुना मऊ सुती टी-शर्ट पलंगावर पसरा, वाकून केस त्याच्या मधोमध ठेवा आणि कापड डोक्याला गुंडाळा. पंधरा मिनिटांनी सोडा. चोळायचं नाही आणि झटकायचंही नाही.

यापुढे केस पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. केस पिंजारतात ते बहुतेकदा याच तासाभरात, सुकले का म्हणून चाचपण्याने. ड्रायर वापरायचाच तर डिफ्यूझर (वारा पसरवणारं, वाटीसारखं तोंड) लावून, मंद वाऱ्यावर आणि कोमट आचेवर. केस त्यात अलगद ठेवा आणि ड्रायर हलवू नका. सुकल्यावर बटा कडकडीत लागतील. तो जेलचा पापुद्रा आहे, त्याने बिचकू नका. तळहातावर दोन थेंब तेल चोळून बटा हलक्या हाताने चुरगळा, कडकपणा जातो आणि आकार राहतो.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ग्लिसरीन असलेली उत्पादनं टाळा. ते हवेतली वाफ ओढतं आणि केस फुगतात. विदर्भातल्या मे महिन्यातही तेच टाळावं, कारण हवेत ओलच नसते आणि ग्लिसरीन केसातलंच पाणी ओढून घेतं. थंडीच्या सुरुवातीला मात्र ते छान काम करतं.

झोपताना केस अगदी माथ्यावर सैल गोळा करून मऊ कापडी रबराने एकच वेढा द्या. उशीला साटीनची खोळ घाला. सकाळी चपटलेल्या बटांवर स्प्रेच्या बाटलीतून पाणी मारा आणि त्यांना बोटाभोवती गुंडाळून सोडा. सगळं डोकं पुन्हा भिजवायची गरज नसते.

बिघडतं तेव्हा

बटा लांबट, लिबलिबीत आणि सैल पडत असतील तर कंडिशनर, तेल किंवा सिलिकॉन साचलंय. डायमेथिकोनसारखं सिलिकॉन साध्या पाण्याने निघत नाही, एकदा नेहमीच्या कडक शाम्पूने धुवा. उलट केस वाळक्या गवतासारखे कडक होऊन तुटत असतील तर प्रोटीनची उत्पादनं महिनाभर बंद ठेवा आणि नुसतं कंडिशनिंग करा. अंडं लावून उपयोग नाही, त्यातली प्रथिनं केसात शिरण्याइतकी लहान नसतात.

एकदा केलेली इस्त्री धुतल्यावर जाते, पण इस्त्रीच्या उष्णतेने बिघडून किंवा कायमच्या स्ट्रेटनिंगने सरळ झालेला भाग पुन्हा कुरळा होत नाही. तो वाढून कापला जाण्याचीच वाट पाहावी लागते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतच्या केसांना दोन वर्षं सहज लागतात. तोवर दर तीन महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर कापत राहा. पार्लरमध्ये केस सुके असतानाच, एकेक बट पाहून कापायला सांगा. ओले केस ताणून कापले तर सुकल्यावर ते आक्रसतात आणि अपेक्षेपेक्षा चार बोटं आखूड होतात. विरळ करायची दातेरी कात्री वापरू नका, हेही बसण्याआधीच सांगा. तिने कापलेली आखूड टोकं बटेत न बसता बाहेर डोकावत राहतात.