पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा पूल: पाचवीच्या वर्गासाठी

प्राथमिक शाळेत 'प्रकल्प' म्हणून बरेचदा पालकांनी रात्री जागून केलेली थर्माकोलची प्रतिकृती येते आणि तिच्यात मुलाने स्वतः मोजलेले काहीच नसते. म्हणून वस्तू अशी निवडावी, की माप चुकले तर तिनेच ते दाखवून द्यावे.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यातून 12 सेमी लांब आणि 2 सेमी रुंद पट्ट्या कापून दोन्ही टोकांपासून 1 सेमी आत भोके पाडावीत. भोकांतील अंतर 10 सेमी राहते आणि दोरा ओवून गाठ मारली की सांधा तयार होतो. आधी त्रिकोण आणि चौरस करून घ्यावेत. त्रिकोण हलत नाही, चौरस मात्र दाबताच कलतो. त्याला कर्ण जोडायला सांगितले, की मुले हमखास तसलीच 12 सेमीची पट्टी उचलतात. आकृती ताठ होते खरी, पण चौरसाचा तिरका समभुज चौकोन झालेला असतो. येथे उत्तर सांगण्याची घाई करू नये. कोपरे काटकोनात धरून समोरासमोरच्या भोकांतील अंतर मोजले तर ते 14 सेमीहून किंचित अधिक भरते आणि पट्टी 16 सेमीची हवी, हे मुलांचे मुलांनाच उमगते. पंचकोनाला दोन, षटकोनाला तीन कर्ण लागतात. तक्ता मांडला की 'बाजू वजा तीन' हा नियम त्यांना त्यातूनच शोधता येतो.

आता पूल. 25 सेमी अंतरावरील दोन बाकांवर तो टेकावा; प्रत्येक गटाला 30 पट्ट्या. मापांसह आकृती आणि पट्ट्यांचा हिशेब वहीत झाल्याशिवाय दोरा हाती देऊ नये. पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणांचा सांगाडा, मुलांनी पाहिलेली असते, तिची आठवण करून द्यावी. तसे तीन त्रिकोण ओळीने ठेवून त्यांची शिखरे दोन पट्ट्यांनी जोडली, की पुलाच्या एका बाजूला 11, म्हणजे दोन्ही बाजूंना 22 पट्ट्या लागतात आणि बाजू जोडणाऱ्या आडव्या 7. तरीही पूल कुशीवर कलंडतो, कारण आडव्या पट्ट्यांमुळे पुन्हा चौकोनच तयार झालेले असतात. तेथे दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधावा. दोरा ताण पेलतो, दाब नाही, म्हणून एका दिशेचा पुरत नाही.

मध्यभागी बाटली टांगून 100 मिलीच्या मापाने पाणी ओतावे, म्हणजे दर खेपेस सुमारे 100 ग्रॅम भार वाढतो. खाली घमेले ठेवावे. पूल मोडल्यावर तो लगेच उचलू न देता भोक फाटले की पट्टी वाकली, हे गटाने नोंदवावे. भोक बाहेरच्या टोकाकडे फाटले असेल तर ती पट्टी ओढली जात होती. वाकलेली दाबली जात होती. वाकलेल्या पट्टीच्या जागी लांबीत काटकोनी दुमडलेली पट्टी घालून तीच चाचणी पुन्हा घ्यावी.