ड्राफ्ट पिकच्या अदलाबदलीचा हिशेब कसा मांडावा

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधील दोन संघ ड्राफ्टमधल्या पिकांची, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडताना मिळणाऱ्या ठराविक क्रमांकाच्या हक्कांची, अदलाबदल करतात, तेव्हा सौदा कोणाच्या पथ्यावर पडला हे पाहण्यासाठी आधी प्रत्येक पिकाला गुण द्यावेत. त्यासाठी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉयज संघात तयार झालेला, प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता अजूनही सोयीचा आहे. त्यात पहिल्या पिकाला 3000, सहाव्याला 1600, बाराव्याला 1200 आणि पन्नासाव्याला 400 गुण आहेत. म्हणजे बाराव्यावरून सहाव्या क्रमांकावर जाऊ पाहणाऱ्या संघाने आपल्या पिकासोबत पन्नासावे पिकही दिले, तर हिशेब तंतोतंत जुळतो.

पुढील वर्षाचे पिक मात्र साधारणपणे एक फेरी खालचे धरावे, कारण नोकरी टिकवण्याच्या चिंतेत असलेल्या व्यवस्थापकाला उद्यापेक्षा आज प्यारा असतो.

हा तक्ता वरच्या पिकांना अवाजवी भाव देतो, असे संशोधक केड मॅसी आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांच्या अभ्यासातून दिसले. म्हणून खेळाडूची कामगिरी आणि त्याचा पगार यांची सांगड घालणारा दुसरा तक्ताही शेजारी ठेवावा. क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूसाठी, सौदा असेल, तर दोन्ही तक्ते बहुधा गुंडाळून ठेवले जातात.