हृदयाच्या अमोनिया पेट स्कॅनला जाण्यापूर्वी

आईच्या अँजिओग्राफीत एकही धमनी अरुंद आढळली नव्हती, तरी जिना चढताना छातीवर दाब येणे थांबत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी हा स्कॅन सांगितला. यात शिरेतून किंचित किरणोत्सर्गी अमोनिया देऊन हृदयाच्या स्नायूतला रक्तप्रवाह मोजतात. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या तीत उमटत नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरते की नाही हे बरेचसे त्यांच्यावरच अवलंबून असते. पहिल्या वेळी आम्ही हा स्कॅन चहामुळे गमावला, म्हणून सुरुवात चहापासूनच करते.

स्कॅनच्या आधी पूर्ण २४ तास चहा बंद ठेवावा. कॉफी, कोला, चॉकलेट, कोकोची पेये, ग्रीन टी आणि ‘कॅफिनमुक्त’ म्हणून विकली जाणारी कॉफीसुद्धा बंद, कारण तिच्यातही थोडे कॅफिन उरते. उपाशी राहण्याचे तास वेगळे आणि चहाचे वेगळे, हे मला कळले नव्हते. वेळ अकराची होती, चार तास पोट रिकामे ठेवायचे होते, म्हणून पहाटे पाचला अर्धा कप चहा मी स्वतःच आईला करून दिला. स्कॅनच्या दारात ‘चहा कधी घेतला?’ असे विचारले गेले आणि आम्हाला परत पाठवले.

त्यांचे बरोबरच होते. या तपासणीत रक्तप्रवाह आधी विश्रांतीत आणि मग ॲडेनोसिनसारख्या औषधाने वाहिन्या रुंदावून मोजतात. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीहून कमी भरला, तर सहसा दोष मानतात. ॲडेनोसिनला पेशींवर जी जागा लागते, तीच कॅफिन अडवून बसते, त्यामुळे वाहिन्या पुरत्या रुंदावत नाहीत आणि निरोगी वाहिन्याही आजारी ठरू शकतात. अर्धा कपही नको. पाहुणे आले, आग्रह झाला, तरीही नको.

डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, तेव्हा पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. दम्यासाठी थिओफिलिन किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी डायपिरिडामोल चालू असेल, तर तारीख ठरतानाच सांगावे: पहिले ॲडेनोसिनचा परिणाम रोखते, दुसरे तो वाढवते. मात्र स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. दमा असल्यास तो आवर्जून सांगावा, कारण ॲडेनोसिनने श्वासनलिका आवळू शकतात. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन उपाशीपोटी कसे घ्यावे, हे आदल्या दिवशीच विचारावे.

वेळेआधी पोहोचावे. त्या अमोनियातल्या नायट्रोजन-१३ ची किरणोत्सर्गी मात्रा दर दहा मिनिटांनी निम्मी होते. आपल्यासाठी तयार केलेली मात्रा उद्यासाठी ठेवता येत नाही. आमच्या चहापायी ती वाया गेली, याची खंत मला अजून आहे.

हात डोक्यावर घेऊन बराच वेळ निजावे लागते. खांदा आखडत असेल तर आधी सांगावे. औषध सुरू असताना चेहरा तापतो, छाती जड होते, धाप लागते. सांगावे, पण घाबरू नये, औषध थांबवताच बहुधा मिनिटभरात बरे वाटते. जुने अहवाल, सैल कपडे, नंतरसाठी डबा. थर्मास न्यायचाच असेल तर तो सोबतच्या माणसाकडे असावा, आणि स्कॅन पूर्ण झाला असे तंत्रज्ञ सांगेपर्यंत त्याचे झाकण उघडू नये.