तरुण कॅबर्ने: चाखायची कशी, मुरवायची किती

कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाच्या तरुण लाल वाइनच्या पहिल्याच घोटाला हिरड्यांवर तोठरा बसला की बरेच जण लगेच निकाल देतात. कुणी म्हणतं वाइन वाईट आहे, कुणी म्हणतं दहा वर्षं ठेवा, झकास होईल. दोन्ही निकाल घाईचे. तुरटपणा आहे म्हणून वाइन मुरेलच असं नाही. त्या तुरटपणामागे फळ किती आहे, आंबटपणा पुरेसा आहे का आणि अल्कोहोल आटोक्यात आहे का, हे तपासल्याशिवाय बाटली ठेवायची की संपवायची ते ठरत नाही. फळ नसलेली, कच्च्या टॅनिनची (म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याची) वाइन दहा वर्षांनीही रुक्षच लागते, आणि जे थोडं फळ होतं तेही तोवर गेलेलं असतं.

कॅबर्ने सोव्हिन्यों हा कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचा संकर आहे, हे १९९७ साली डीएनए तपासणीतून जाहीर झालं. या द्राक्षाचा दाणा लहान, साल जाड आणि गराच्या मानाने बिया जास्त. रंग सालीत असतो, टॅनिन साल आणि बिया दोन्हींत. म्हणून रसाच्या तुलनेत अर्क भरपूर उतरतो. बियांचं टॅनिन सालीच्या टॅनिनपेक्षा जास्त खरखरीत लागतं. द्राक्षं अर्धवट पिकलेली असताना काढली किंवा साल-बिया फार दाबल्या, तर ही खरखर वाइनमध्ये उतरते.

चाखण्याआधी

बाटली लांबून आली असेल तर आठवडा-दोन आठवडे पडून राहू द्या. प्रवासानंतर लगेच उघडलेली वाइन अनेकदा बंद आणि विस्कटलेली वाटते. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस ठेवा. त्याहून बरीच थंड असेल तर फळ दबतं आणि टॅनिन टोचतं. २० अंशांच्या वर गेली की अल्कोहोलचा भपकारा पुढे येतो आणि वाइन सैल लागते. गरम खोलीतली बाटली २० ते ३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की साधारण काम होतं.

ग्लास मोठ्या पोटाचा आणि तोंडाशी निमुळता हवा. त्यात ६० ते ७५ मिली इतकीच ओता. ग्लासला साबणाचा किंवा कपाटाचा वास असेल तर सगळं निरीक्षण फुकट जातं, म्हणून थोडी वाइन घालून ग्लास विसळा आणि ती टाकून द्या.

सगळी बाटली उघडल्याउघडल्या डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद भांड्यात, ओतू नका. आधी एक ग्लास भरा, त्याची नोंद करा, मग उरलेली ओता. सुरुवातीची अवस्था माहीत नसेल तर हवेने काय बदललं ते कळणारच नाही.

रंग आणि वास

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. तरुण कॅबर्नेची कड जांभळी असते; पुढे ती माणकासारखी लाल, मग डाळिंबी आणि शेवटी विटकरी होत जाते. दोन-तीन वर्षांचीच वाइन कडेला विटकरी दिसत असेल तर ती आधीच पुढे गेली आहे. ती ठेवायच्या यादीतून काढा.

वास आधी ग्लास न हलवता घ्या, मग चार-पाच वेळा फिरवून. ब्लॅककरंट, ब्लॅकबेरी, सीडरचं लाकूड, तंबाखूचं पान आणि कधी पुदिना हे ओळखीचे वास. ढोबळी मिरचीचा वास पायराझिन नावाच्या संयुगांमुळे येतो. द्राक्ष पिकताना आणि उन्हात ती कमी होतात. थोडी हिरवी छटा ही या द्राक्षाची ओळखच आहे, पण फळाला झाकणारा हिरवा वास अपुऱ्या पिकण्याचा, आणि तो बाटलीत ठेवून फारसा जात नाही. व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा वास ओकच्या पिंपातून येतो. त्याच्या खाली फळ शोधा. सापडलं नाही तर काही वर्षांनी नुसतं लाकूडच उरेल.

दोष इथेच पकडा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास म्हणजे खराब बूच. हवा देऊन तो सुधारत नाही. नेलपॉलिशसारखा वास इथिल ॲसिटेटचा. जळक्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा हलका वास मात्र ऑक्सिजन कमी मिळाल्यामुळे येतो आणि डिकँटरमध्ये बहुधा उडून जातो. या एका दोषाला तासभर संधी द्यावी.

तोंडात

१० ते १५ मिलीचा घोट घ्या, दहा सेकंद तोंडात फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून तोंड कोरडं पडतं. हा कोरडेपणा किती आहे यापेक्षा त्याचा पोत कसा आहे ते पाहा. बारीक, मखमलीसारखा आणि तोंडभर पसरलेला असेल तर उत्तम. फक्त हिरड्यांना घासणारा, शेवटी कडू होणारा असेल तर संशय घ्या. आंबटपणा जिभेच्या कडांना लाळ सुटते त्यावरून कळतो, अल्कोहोल घशात उतरणाऱ्या उष्णतेवरून.

मग गिळा किंवा थुंका, आणि सेकंद मोजा. मागे काय उरतं, यालाच सगळ्यात जास्त वजन द्यावं. फळाची चव तुरटपणाच्या बरोबरीने दहा-पंधरा सेकंद टिकली तर या वाइनमध्ये शिल्लक आहे. फळ दोन-तीन सेकंदांत संपून नुसता कोरडेपणा मागे राहिला तर नाही.

तुरटपणा तोंडात साचत जातो, त्यामुळे चौथी-पाचवी तरुण कॅबर्ने नेहमीच आधीच्यांपेक्षा कडक वाटते. मधे पाणी प्या, साधा पाव खा, दोन-तीन मिनिटं थांबा. चीज आणि मांस मात्र पारख संपल्यावरच. त्यांतली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला नरम करतात. जेवताना त्याचा फायदा आहे, पण तपासताना ती फसवतात.

हवा, आणि तीन दिवसांची चाचणी

डिकँटरमधली वाइन दर अर्ध्या तासाने चाखा. तरुण, भरगच्च कॅबर्नेला एक ते दोन तास पुरतात; काहींना त्याहून जास्त लागतात. एवढ्या वेळात टॅनिनची रचना फारशी बदलत नाही. कोंडलेले वास उडून जातात, फळाचा सुगंध खुलतो, म्हणून तुरटपणा तुलनेने मऊ भासतो.

मुरण्याची ताकद जोखायला अर्धी बाटली बूच लावून थंड जागी ठेवा आणि २४ व ४८ तासांनी परत चाखा. दुसऱ्या दिवशी फळ जास्त उमललं आणि तिसऱ्या दिवशीही ताजं राहिलं, तर वाइन ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्याच दिवशी कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी शिळी लागली तर तिच्याजवळ राखीव काही नाही. ही चाचणी बाटलीतल्या संथ मुरण्याची नक्कल नव्हे. ऑक्सिजनपुढे वाइन किती तग धरते, एवढंच ती सांगते. तरी निव्वळ पहिल्या घोटापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

किती वर्षं

बाटलीत टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन मोठे रेणू बनतात. त्यांतले काही जड होऊन साक्याच्या रूपाने तळाला बसतात; रंग फिका होतो, तोठरा कमी होतो. ताज्या फळाच्या जागी चामडं, तंबाखू, ओल्या पानांचा वास येऊ लागतो. हा बदल आवडतो का, ते आधी स्वतःला विचारा, कारण ताज्या फळाचीच गोडी असणाऱ्याने वाइन मुरवण्यात अर्थ नाही.

बहुतेक साध्या कॅबर्ने दोन ते पाच वर्षांत प्याव्यात. फळ, टॅनिन, आंबटपणा आणि अल्कोहोल या चारही अंगांनी सशक्त असलेल्या आठ ते पंधरा वर्षं चालतात; फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या मेडोकमधल्या चांगल्या हंगामातल्या उत्तम बाटल्या २० वर्षांच्या पुढेही जातात. मधल्या काळात वाइन मुकी होण्याची शक्यता असते: तारुण्याचं फळ ओसरलेलं, प्रौढ सुगंध अजून आलेला नाही. अशी एक बाटली निघाली म्हणून बाकीच्या घाईने संपवू नका. एकाच वाइनच्या निदान सहा बाटल्या असतील तरच मुरवण्याची खरी मजा, म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी एक उघडून वाट पाहता येते.

ठेवायची जागा

तापमान १२ ते १४ अंश, आर्द्रता ६० ते ७० टक्के, अंधार आणि स्थिरता. यात तापमानातला चढउतार सगळ्यात घातक. गरम झाली की वाइन प्रसरण पावून बुचाला ढकलते, थंड झाली की हवा आत ओढली जाते. वर सरकलेलं बूच किंवा मानेवरचे चिकट ओघळ हीच खूण. २५ अंशांच्या वर महिनोन्‌महिने राहिलेली वाइन शिजवलेल्या जॅमसारखी लागते. अशी जागा असेल तर वाइनचं कपाट घ्या, नाहीतर लवकर पिऊन टाका. स्वयंपाकाचा फ्रिज दोन-चार आठवड्यांपुरता ठीक, पण तिथली कोरडी हवा वर्षभरात बूच सुकवते. फ्रिजच्या माथ्यावर तर बाटली कधीच ठेवू नये, तिथे ऊबही असते आणि थरथरही. बुचाची बाटली आडवी ठेवा; फिरकीच्या झाकणाला त्याची गरज नाही.

मुरलेली बाटली उघडायच्या आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे साका तळाला बसेल. मानेखाली दिवा धरून एकाच संथ धारेने ओता आणि साक्याची रेघ मानेशी आली की थांबा. तळाला थोडी वाइन राहील, ती राहू द्या. इथे तासन्‌तास हवा देऊ नका, कारण जुना सुगंध नाजूक असतो आणि अर्ध्या तासातही विरू शकतो. ओतल्याबरोबर चाखा, आणि तारीख, तापमान, हवेत ठेवलेला वेळ व शेवटच्या चवीचे सेकंद एका चिठ्ठीवर लिहून त्याच वाइनच्या पुढच्या बाटलीच्या मानेला बांधा.