छाटणीआधी मिनी ट्रॅक्टरचा धूर ड्रायव्हरपासून बाजूला काढून घ्या

द्राक्ष बागायतदार मंडळी, ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय आणि एकदा का ट्रॅक्टरला ब्लोअर (पंख्याचं फवारणी यंत्र) जोडला की तो माल निघेपर्यंत काही सुटत नाही. म्हणून सायलेन्सरचं काम आत्ताच उरकून घ्या. पितृपक्षात फॅब्रिकेशनवाल्याकडे गर्दी कमी असते, तो निवांत हात लावतो, नंतर घटस्थापना झाली की फोनसुद्धा उचलत नाही.

द्राक्षबागेत मिनी ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर चालत नाही हे काय सांगायला नको, तारेत अडकतो, काड्या मोडतो, पानं होरपळतात, मग आपण तो काढतो आणि पाईप खाली आडवा करून घेतो. बागेत घुसायचा प्रश्न मिटतो, पण बऱ्याच ठिकाणी वेल्डर तो पाईप बॉनेटच्या कडेने आणून पायरीच्या अलीकडेच सोडून देतो, म्हणजे धूर सीटच्या पुढेच बाहेर पडणार. फवारणीचा स्पीड ताशी ४-५ किलोमीटर, त्यात मागून तेवढाच वारा असला तर धूर ट्रॅक्टरबरोबरच चालत राहतो आणि ड्रायव्हर अख्खी ओळ त्यात बसलेला असतो. वर पानांचं छप्पर, धूर जाणार कुठे! मालक बांधावर उभा असतो त्यामुळे त्याला हे कळतही नाही.

संध्याकाळी ड्रायव्हरचं डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं की आपण सरळ म्हणतो 'औषध लागलं'. लागलं असेलही, पण धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडनेही अगदी हेच होतं, त्याला वास नसतो आणि फवारणीचा मास्क तो अडवत नाही. तेव्हा असा त्रास झाला तर माणसाला आधी मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना औषधाची बाटलीही दाखवा आणि धुराचंही सांगा, दोन्ही सांगा. आणि रोजच्या धुराचा हिशोब वेगळाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलाय.

आता कामाचं. पाईपला हात लावायच्या आधी गळती बघा, कारण पुष्कळदा धूर पाईपच्या तोंडातून नाही तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणारा भाग) गॅस्केटमधून (जोडात बसणारी पातळ चकती) नाहीतर फ्लेंजच्या (पाईपची बोल्ट लावायची कडा) जोडातून येत असतो, मग तोंड कितीही लांब नेलं तरी उपयोग नाही. जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला की तिथेच गळतंय समजा, थंड इंजिन चालू केल्याकेल्या फुसफुस आवाजही येतो. गॅस्केट बदला, बोल्ट नवे टाका, एम-सील लावून भागवू नका, ते त्या उष्णतेला टिकत नाही. काळा धूर जास्तच असेल तर एअर फिल्टर आणि इंजिनात डिझेल सोडणारं नोझल आधी बघून घ्या. निळसर असेल तर ऑईल जळतंय, ते काम वेगळं आणि खर्चाचं.

पाईप घेताना मूळ पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक अजिबात घेऊ नका, दुकानात जो शिल्लक तुकडा असेल तो लावायची सवय असते, त्यावर लक्ष ठेवा. पाईप बारीक झाला किंवा काटकोनात तीनचार वळणं दिली की धूर आत दाबला जातो, इंजिन तापतं, दम कमी होतो, डिझेल जास्त खातं. बेंड लांब वळणाचे आणि कमीत कमी घ्या. सायलेन्सरचा डबा काढून नुसता पाईप लावतात तसलं तर करूच नका, दिवसभर तो आवाज ड्रायव्हरच्या कानावर.

तोंड कुठे सोडायचं यावरच सगळं आहे. सीटच्या मागच्या बाजूला, मागच्या टायरला झळ लागणार नाही असं, खोडाच्या उंचीला आणि बाहेरच्या बाजूला थोडं तिरकं. सरळ मागे सोडलं तर ब्लोअरचा पंखा जवळची हवा ओढतो, तो धूरही ओढणार आणि घडांवर फेकणार. सरळ खाली सोडलं तर वाळक्या गवताला आग लागायची भीती, उसाच्या पाचटात जाणारा ट्रॅक्टर असेल तर जास्तच. पाईप गिअरबॉक्सच्या तळाच्या खाली लोंबू देऊ नका, पहिल्याच बांधाला ठोकर बसेल. डिझेलची नळी, हायड्रॉलिकचे होज, वायरिंग यांच्यापासून चार बोटं तरी लांब ठेवा, जिथे जागाच नाही तिथे मध्ये पत्रा लावा, आणि पायरीजवळ जाळी हवीच, चढताउतरता पोटरी भाजते. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, डिझेलच्या टाकीजवळ असेल तर पाईप खाली काढूनच जोडा.

वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरला विचारा, काही मॉडेलना कंपनीचाच बागेसाठीचा खालचा सायलेन्सर मिळतो, तो मिळाला तर वेल्डरच्या नादी लागू नका. आणि जुना उभा सायलेन्सर भंगारात देऊ नका, फ्लेंज तीच ठेवली तर मोकळ्या रानात रोटाव्हेटर मारताना परत चढवता येतो, मोकळ्या रानात डोक्याच्या वर धूर सोडण्यासारखं दुसरं काही नाही.

काम झालं की ब्लोअर जोडून पीटीओच्या (ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरवणारा शाफ्ट) स्पीडला एक ओळ वाऱ्याच्या दिशेने आणि एक वाऱ्यासमोर चालवून बघा, औषधाऐवजी टाकीत साधं पाणी घ्या. सीटच्या पाठीला पांढरं फडकं बांधा, तासाभराने काळं पडलं तर तोंड अजून फिरवायला लागेल. 'मास्तर, पाईप असा जोडून द्या की शेवटचा बेंड क्लॅम्पवर फिरेल', हे वेल्डरला आधीच सांगून ठेवा.

शेडमध्ये दार लावून ट्रॅक्टर तापवत उभा करू नका, पॉलीहाऊसमध्ये चालवायचा असेल तर दोन्ही बाजूंचे पडदे वर करूनच, तिथे पाईप कितीही वळवला तरी धूर आतच राहतो. आणि पहिले दोनचार तास चालल्यावर, इंजिन पूर्ण थंड झालं की सगळे बोल्ट परत आवळा, तापून थंड होताना ते सैल पडतातच, एक जादा गॅस्केट घरी आणून ठेवा.