गायनाची प्रवेश चाचणी: दहा मिनिटांचं गाणं कसं बांधावं

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग अशा ठिकाणी शास्त्रीय गायनाला प्रवेश हवा असेल, तर खरी तयारी दहा मिनिटांच्या गाण्याची करावी लागते. विशारदपर्यंतच्या परीक्षा दिलेली मुलंही इथे अडखळतात, कारण तिथे अनेक राग थोडेथोडे गायची सवय झालेली असते. इथे एकच राग मांडून दाखवायचा असतो.

राग निवडताना अवघड नावाच्या मोहात पडू नका. मारवा कच्चा गाण्यापेक्षा भूप पक्का गावा. पण भूप सोपा नाही, हेही लक्षात ठेवा. सा रे ग प ध हेच पाच स्वर देशकारातही आहेत. भूपाचा वादी (रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, देशकाराचा धैवत. भूपात धैवतावर रेंगाळलात की राग देशकाराकडे झुकतो आणि परीक्षकाला ते लगेच कळतं. धैवत घ्या, पण ‘ध प ग’ असं उतरून गंधारावर या. चाचणी सकाळी असेल की संध्याकाळी, हे आधी कळेलच असं नाही. म्हणून सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक, असे दोन राग सारखेच तयार ठेवा.

आता लय. विलंबित (संथ) लयीतल्या बारा मात्रांच्या एकतालात एक मात्रा पाच सेकंदांची धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभराचं होतं. दहा मिनिटांत दहाच आवर्तनं, मग छोट्या ख्यालाला, म्हणजे द्रुत (जलद) लयीतल्या बंदिशीला, जागाच उरत नाही. मिनिटाला 24 मात्रांची लय धरा, म्हणजे आवर्तन 30 सेकंदांत येईल. औचार, म्हणजे सुरुवातीला रागाची थोडक्यात ओळख, पाऊण मिनिट. बडा ख्याल (विलंबित बंदिश) साडेपाच मिनिटं, म्हणजे 11 आवर्तनं: स्थायीला (बंदिशीच्या पहिल्या भागाला) एक, षड्जापासून धैवतापर्यंतच्या बढतीला (एकेका स्वराच्या विस्ताराला) पाच, तार षड्जाला एक, अंतऱ्याला (बंदिशीच्या दुसऱ्या भागाला) एक आणि उरलेली तीन बोलआलाप (शब्दांसह आलाप) आणि तानांना. मग साडेतीन मिनिटं तीनतालातला छोटा ख्याल. घरी घड्याळ लावून हे किमान पंधरा-वीस वेळा गा. परीक्षक मध्येच थांबवून ‘द्रुत गा’ म्हणतात, त्याची सवय आधीच करा: कुणाला तरी कोणत्याही आवर्तनात थांबवायला सांगा आणि तिथून थेट छोट्या ख्यालावर या. तबलजींना ‘जरा जलद’ एवढंच सांगू नका. बंदिशीची पहिली ओळ हातानं टाळी देत गुणगुणा, लय आपोआप कळते.

सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मात्रा बोटांवर मोजत गाणं. लक्ष मोजण्यात गुंतलं की आलाप तुटतो आणि मुखडा (बंदिशीचा समेवर येणारा सुरुवातीचा तुकडा) घाईत येतो. त्याऐवजी ठेका, म्हणजे तालाचे तबल्यावरचे ठरलेले बोल, ऐका. एकतालात ‘तिरकिट’ दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. ‘कत् ता धागे’ नंतरचा तिरकिट ऐकू आला की ‘धी ना’ आणि सम. तुमचा मुखडा अकराव्या मात्रेपासून उठत असेल तर हा दुसरा तिरकिट हीच खूण. मोबाइलमधल्या ठेक्यावर हे पाठ होतं, पण माणूस भरावाचे बोल वाजवतो आणि तिथे कान गोंधळतो. शेवटच्या महिन्यात चार-पाच बैठका तरी प्रत्यक्ष तबल्यावर व्हायलाच हव्यात.

सुराचा घोटाळा बहुतेकदा पेटीमुळे होतो. तिथली पेटी जुनी असेल तर तिची काळी एक ही पट्टी तुमच्या तानपुऱ्याच्या काळी एकशी तंतोतंत जुळत नाही. पेटीचा सूर तिथे बदलता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुरा बारीक फिरवून तिच्याशी जुळवा. हे गायला बसण्यापूर्वी करा. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणजे तो घेत नाहीत, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावा; मारवा-पूरियात निषादाला. तानपुरा मोबाइलवर असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. पट्टी, म्हणजे तुमच्या षड्जाची उंची, साथीदारांना आधी कळवा, कारण एकच दाया (उजव्या हाताचा तबला) सगळ्या पट्ट्यांना चालत नाही आणि ओढून चढवला तर पुडी (वरचं कातडं) फाटते.

गाणं संपल्यावर प्रश्न येतात. परीक्षक आकारात एखादी फिरत (झपाट्याची स्वरावली) गातील आणि सरगम विचारतील. हातावर ताल देत ठेक्याची दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट लय) म्हणायला सांगतील. बंदिशीचा अर्थ विचारतील, आणि इथे फार जण गप्प होतात. ब्रज शब्दांचे उच्चार आणि अर्थ गुरूंकडून नीट समजून घ्या. शब्दच कळला नाही तर बोलआलापात तो कुठे तोडायचा, हेही कळत नाही.

आदल्या दिवशी नवी तान बसवू नका. सकाळी अर्धा तास खर्ज भरा (खालच्या सप्तकातले सूर लावा), मग आवाजाला विश्रांती द्या. एसीच्या खोलीत घसा कोरडा पडतो, म्हणून कोमट पाण्याची बाटली बरोबर असू द्या आणि तासभर आधी पोहोचा.